गेरूची रेघ

या, या. उशी नीट घे कुशा, मिनूला लाथ मारू नकोस. डोळे मिटून ऐकायचं, बरं का.

एकदा काय झालं, करवंदगडावर उदेभान नावाचा एक राजा होता. होता चांगला, पण एक खोड होती मेल्याला. आपलं काही चुकलं, असं तो कधी म्हणायचा नाही. जन्मात नाही!

एकदा त्याने माळावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे विहीर खणा." सटवा पाथरवट म्हणाला, "महाराज, इथं नुसता खडक हाय." राजा ऐकतोय कसला! खणलं, खणलं, खडकच लागला. मग राजा म्हणाला, "सटवाला खणताच येत नाही," आणि दिलं त्याला हाकलून. मनात त्याला ठाऊक होतं हं, आपलंच चुकलं. पण बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगरखा ढगळ! बाह्या बोटांवरून लोंबतायत. प्रधानाने शिंप्याला खूण केली, शिंप्याने गुपचूप अंगरखा आत घेतला.

मग एकदा राजाचा हत्ती ठकूबाईच्या वांग्याच्या शेतात शिरला. सगळी वांगी भुईसपाट. ठकूबाई रडत आली तर राजा काय म्हणाला? "शेत हत्तीच्या वाटेत आलंच कसं?" दुसऱ्या दिवशी सिंहासनावर बसला, तर पाय लोंबकळायला लागले. प्रधानाने सुताराला खूण केली, सुताराने सिंहासनाचे पाय कापले.

मग भाऊबीज आली. राजाची थोरली बहीण गोजराताई ओवाळायला आली. ती म्हणाली, "उदेभाना, हल्ली फार चिडतोस रे." झालं! राजाने निरांजनासकट तिला परत धाडलं. दुसऱ्या दिवशी मुकुट घसरून नाकावर. सोनाराने तो आवळला.

तुम्हाला कळलं ना काय होत होतं ते? राजाला नाही कळलं. कोण सांगणार? त्याच्यापुढे सगळे वाकूनच चालायचे. प्रधान तर गुडघे इतके मुडपायचा, की बिचाऱ्याचे गुडघेच धरले.

मग एके दिवशी निरोप आला. निळोपंत पंतोजींचा. लहानपणी राजाला अक्षरं आणि आकडे त्यांनीच शिकवले होते. निरोप एवढाच होता, "मी आता जायला निघालोय. तुझा एक धडा राहिलाय. एकटाच ये." राजाला भरून आलं. तो तसाच निघाला. वेशीवर मेणा ठेवला आणि पंतोजींच्या घरातल्या शाळेच्या दाराशी गेला.

दार उघडलं पंतोजींच्या बायकोने. सगळे तिला आक्का म्हणायचे. डोळ्यांनी तिला अंधूकच दिसायचं. ती खाली बघून म्हणाली, "कोण रे बाळ? नवीन आलास का शिकायला? शाळा बंद आहे रे राजा, पंतोजींना बरं नाही."

राजा ताडकन म्हणाला, "डोळे फुटले का तुमचे? मी उदेभान! या मुलखाचा धनी!"

आक्का बाजूला झाली.

राजा आत गेला, शेला काढला आणि खुंटीला अडकवायला हात वर केला. हीच खुंटी हं, लहानपणी तो दप्तर टांगायचा ती. तर हात पोचेना! उडी मारली, तरी पोचेना.

आता त्या शाळेत एक पद्धत होती. दर दसऱ्याला पंतोजी एकेका मुलाला भिंतीशी उभं करायचे, डोक्याबरोबर गेरूची रेघ ओढायचे आणि शेजारी नाव लिहायचे. राजाने आपलं नाव शोधलं. शेवटची रेघ, बारा वर्षांचा होता तेव्हाची. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि डोक्यावर हात ठेवून वळला.

हात रेघेच्या खाली!

राजाने पुन्हा बघितलं, ताठ उभा राहून. खालीच. मग चवड्यांवर उभा राहिला, मान ताणली, श्वास रोखला. तरी खालीच! राजाचं तोंड उघडं ते उघडंच. मग तो केवढ्यांदा ओरडला, "पंतोजी! अहो, तुमची भिंत वाढली!"

बघा, तेव्हासुद्धा चूक भिंतीची!

कोपऱ्यात बाजेवर पंतोजी पडले होते. अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "भिंत नाही वाढली, उदेभाना. तू कमी झालास. चूक झाकलीस की वीतभर कमी. दर वेळी."

"मग आता पुढे काय होणार?"

"असाच राहिलास तर पुढच्या दसऱ्याला उशीखाली शोधावा लागशील. त्याच्या पुढच्या दसऱ्याला शोधून सापडणार नाहीस."

राजा बाजेचा खूर धरून मटकन खाली बसला. तेव्हा त्याचं लक्ष गेलं. पंतोजी केवढे उंच होते एकेकाळी! दारातून वाकून यायचे. आणि आता त्यांचे पाय बाजेच्या मध्यापर्यंतच! उरलेली गोधडी नुसती पसरलेली.

"पंतोजी, तुम्हीसुद्धा?"

"हो रे. तुझी गणितं चुकायची आणि मी बरोबर म्हणायचो. तुझ्या वडिलांना भीत होतो. चुकलं असं म्हणायला मी तुला शिकवलंच नाही. तो धडा राहिला." पंतोजींनी हात जोडले. गुरूने शिष्यापुढे हात जोडले, पोरांनो! आणि म्हणाले, "बाळा, माझं चुकलं."

तशी बाज करकरली. गोधडी हलली. पंतोजींचे पाय सरकत सरकत पुढे आले, गोधडीच्या बाहेर आले, बाजेच्याही बाहेर आले! राजा किंचाळलाच.

मग त्याला वाटलं, हे तर सोपं आहे. डोळे मिटून घडाघडा म्हणाला, "माझं चुकलं, माझं चुकलं, माझं चुकलं!" केसभरसुद्धा वाढला नाही. पंतोजी हसले. म्हणाले, "भिंतीला काय सांगतोस? ज्याचं वाईट केलंस, त्याच्यापुढे जाऊन म्हण. जा, मी वाट बघतो."

राजा धावत सुटला. मेणा राहिला वेशीवरच.

आधी गेला सटवाकडे. सटवा छिन्नी-हातोड्याने पाटा टाकवत होता. राजा म्हणाला, "सटवा, ती जागा मीच नेमली होती. माझं चुकलं." सटवाच्या हातातला हातोडा गळून पडला. आणि राजाचा अंगरखा काखेत फाटला, टर्रकन!

मग ठकूबाईकडे. ती म्हणाली, "काय म्हनलात? पुन्यांदा म्हना." पुन्हा म्हणाला. ती म्हणाली, "आता शेजारणीपुढं म्हना." तसंही म्हणाला, कान लाल झाले तरी. मग जोडे उसवले, आणि राजा अनवाणीच पुढे निघाला.

मग गोजराताईकडे. तिथे मात्र शब्दच फुटेना. परक्याला म्हणणं सोपं हो, आपल्या माणसाला अवघड. ताई दार अर्धं लोटून उभी होती. राजा कितीतरी वेळ उंबऱ्याशी घुटमळला. शेवटी म्हणाला, "ताई, निरांजन पेटलेलं होतं गं, आणि मी तुला जा म्हटलं. माझं चुकलं." ताईने त्याला असं कवटाळलं, की मुकुट तटकन उडाला आणि गडगडत अंगणात गेला. कुणी उचलला नाही, हं.

मग राजा पंतोजींना दाखवायला पळत आला. बघतो तर शाळा शांत. बाज रिकामी. आक्का उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "गेले रे. मघाशी उठून उभे राहिले, गेरू मागितला. भिंतीवर एक रेघ ओढली आणि निजले, ते निजलेच."

राजा ओक्साबोक्शी रडला. रडत रडत भिंतीपाशी गेला. जुन्या रेघेच्या वर, कितीतरी वर, ओली रेघ होती. शेजारी उदेभानाचं नाव. तो पाठ लावून उभा राहिला, डोक्यावर हात ठेवून वळला.

वीतभर कमी!

राजा चरकला. सटवा झाला, ठकूबाई झाली, ताई झाली. मग कोण राहिलं? इकडे बघतो, तिकडे बघतो. तर उंबऱ्यावर आक्का, अंधूक डोळ्यांनी त्याच्याच दिशेला बघत बसलेली.

राजाने तिचे पाय धरले. "आक्का, तुमच्या डोळ्यांवरून मी वाईट बोललो. माझं चुकलं."

आक्का म्हणाली, "ऊठ बाळा. सकाळपासून काही खाल्लंस का?"

राजा उठला, तर त्याचं डोकं थेट रेघेला लागलं. केसांना गेरू लागला. तो त्याने कितीतरी दिवस धुतलाच नाही.

मग काय, प्रधानाचे गुडघे सरळ झाले. सटवाने विहीर खणली, त्याला हवी तिथे, आणि पाणी लागलं. ठकूबाईची वांगी पिकली. आक्काला राजा रोज भेटायला येऊ लागला. ते बुटकं सिंहासन त्याने शाळेला दिलं, पोरं त्याच्यावर बसून पाट्या पुसतात. आणि दर दसऱ्याला राजा स्वतः भिंतीशी उभा राहतो.

संपली गोष्ट. आता गप झोपायचं. माझ्या चष्म्याची काडी कुणी वाकवली, ते मी काही विचारत नाही. उद्या सकाळी भिंतीशी उभं करून उंच्या मोजू, म्हणजे झालं.

काय रे कुशा? जरा मोठ्याने बोल. हं... हं. बरं, बरं, असू दे.

आता पाय आत घे बाळा. पांघरुणाबाहेर आलेत.