राणीच्या ताटात न पडलेला लाडू

एका राज्यात सिंहासनच नव्हतं. भुईवर घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर जो मांडी घालून बसेल, तो राजा. तिथं शेवंताराणी राज्य करायची. दुष्काळात तिनं धुंडक मांत्रिकाचा पुरलेला हंडा उकरला आणि त्या सोन्यातून विहीर बांधली. मांत्रिक चिडला. म्हणाला, "तुझे गुडघे दगडाचे होतील. उतारा तुझ्याच मुदपाकखान्यात आहे, पण तुझ्या ताटात तो कधी पडला नाही. दसऱ्याला मांडी घातली नाहीस, तर घोंगडी माझी."

गुडघे दगडाचे झाले. राणीनं पंचपक्वान्नं चाखली, कांदाभाकर चाखली. सगळं कधी ना कधी खाल्लेलंच. मग न पडलेलं ते काय? तिला राहवेना.

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "आधी डिंक आण, मग मेथी. तिसरं नंतर सांगेन."

राणी काठी टेकत निघाली. बाभळीनं विचारलं, "कुठं दुखतं?" राणीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. बाभूळ रडली, डिंक ओघळला. मेथीच्या राशीवर नाग होता. मूठभर दाणे चाव, तोंड वाकडं केलंस तर डसेन, म्हणाला. राणीनं चावले. नाग बाजूला झाला.

साळुंकीनं तिला मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी नेलं. आत सगुणा आचारीण लेकीच्या बाळंतपणाचे लाडू वळायला बसली होती, डिंक-मेथीवाचून अडली होती. राणीनं पदर रिकामा केला. डिंक तुपात फुलला, मेथी दळली, गूळ, खोबरं, सुंठ पडली.

"तिसरं काम," साळुंकी म्हणाली, "तोंडानं माग."

राणी उंबऱ्यातच थिजली. हा लाडू जन्मभर झाकल्या ताटातून तिच्यासमोरून दुसऱ्यांकडे गेला होता.

"सगुणे, एक दे. पण हा बाळंतिणीचा. मला मूल नाही."

"गुडघे दुखायला मूल कशाला लागतं, बाईसाहेब? बसा आणि खा."

राणीनं खाल्ला. गुडघ्यांतून खडे गळून पडले, आणि ती तिथंच चुलीपुढं मांडी घालून बसली.

दसऱ्याला धुंडक घोंगडीवर एक पाय ठेवून उभा होता. राणी आली, बसली. शाप उलटला, मांत्रिकाचा गुडघा तिथंच आखडला. राणीनं त्याच्याही हातावर लाडू ठेवला. खाऊन तो निमूट चालता झाला.

शाप गेला, वय काही गेलं नाही. थंडीत राणीचा गुडघा अजून कुरकुरतो. पण त्या राज्यात आता डिंकाचा लाडू दुखणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात पडतो, आणि कुणाला मूल किती, हे वाढणारी विचारत नाही.