कारकुनांचा शेरा

आमच्या दुकानासमोरच्या कचेरीत अपंगांच्या पेन्शनचं टेबल चक्क दुसऱ्या मजल्यावर, बघा. टोपल्या विणणाऱ्या भामाबाईंचे दोन्ही पाय लुळे, म्हणून त्यांचा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासकट मीच वर नेला.

कारकून गुरकावले, “असले दाखले ढिगाने मिळतात! बाईंना स्वतः वर येऊ दे, नाहीतर अर्ज रद्द.”

मी खाली येऊन निरोप सांगितला. भामाबाई हसल्या. “शेठ, मी का आले नाही, तेवढं अर्जावर लिहून मागा.”

कारकुनांनी ऐटीत शेरा मारला: ‘अर्जदारास जिना चढता येत नाही, सबब गैरहजर.’ खाली सही, शिक्का.

भामाबाईंनी तोच कागद परत वर पाठवला. “त्यांना म्हणावं, डॉक्टरांचा दाखला खोटा असेल, पण हा तर तुमच्याच सहीचा आहे!”

अर्ज मंजूर झाला. अंगठा घ्यायला कारकून स्वतः जिना उतरून आले.