सात नंबरचं मशीन

“ते बंद पडतं तेव्हा तू कुठे बघत असतोस?”

आता हा काय प्रश्न झाला? बंद पडताना माणूस कुठे बघणार?

“स्क्रीनकडे, काका.”

“हं...”

तांबटकाका एवढंच बोलले आणि स्टुलावर बसले. म्हणजे चक्क बसले! घड्याळात दहा पंचवीस झालेत, अकराला परीक्षा आहे, आणि हा माणूस बसला.

तांबटकाका म्हणजे माझे गुरू. आयुष्यभर नाशकात टाइपरायटर दुरुस्त केले, टाइपरायटर गेले तेव्हा उतारवयात कॉम्प्युटर शिकले, आणि मला जे काही येतं ते त्यांच्याच दुकानात आलं. पण खरं सांगू? गेल्या वर्षभरापासून मला वाटायला लागलं होतं की आता यांच्याकडून घेण्यासारखं काही उरलं नाही. नव्या प्रोसेसरची नावं त्यांना धड घेता येत नाहीत. मी झोपेत सांगतो.

म्हणून तर महिनाभर त्यांना बोलावलं नव्हतं. आज बोलावलं. म्हणजे मी नाही, कुलथे मॅडमनी बोलावलं.

टायपिंग क्लास त्यांचा, मशीनची देखभाल माझी. दहा मशीन, दहा परीक्षार्थी. परीक्षेचं सॉफ्टवेअर ज्याच्या त्याच्या मशीनला बांधलेलं, नोंदणी आदल्याच आठवड्यात झालेली, त्यामुळे ऐनवेळी दुसरं मशीन आणून ठेवता येत नाही. आणि सात नंबर सुरू होतानाच मरत होतं. रोज नाही हां. रोज मेलं असतं तर सोपं होतं. दोन दिवस गुणी बाळासारखं चालायचं, तिसऱ्या दिवशी बटण दाबलं की पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीनवर काहीतरी यायला लागलं, आणि खट्... सगळं काळं. एकदा का सुरू झालं की मात्र संध्याकाळपर्यंत त्याला धाड भरत नव्हती.

सात नंबरवर रंजनाताई धात्रक बसणार होत्या.

ताई एका शाळेत शिपाई आहेत. चौदा वर्षं. क्लार्कच्या यादीत नाव लागलंय, फक्त टायपिंगचं सर्टिफिकेट अडलंय, आणि यादी या महिन्यात बंद होतेय. दोनदा नापास झाल्या होत्या. आत्ता भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, आणि बोटं हवेतच चालत होती.

“सकाळीच चालू करून ठेवलं असतं तर...” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

“नाही चालत हो ताई,” कुलथे मॅडम म्हणाल्या. “परीक्षक आधी सगळी मशीन बंद आहेत का बघतात. मग त्यांच्यासमोर ज्याने त्याने आपापलं सुरू करायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

आणि माझ्याकडे असं बघितलं की, आयशप्पथ, मला वाटलं मीच बंद पडतो आता.

“काय काय बदललंस?” काकांनी विचारलं.

मी सुटलोच.

“रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. हार्डडिस्क बदलली, विंडोज दोनदा टाकलं. प्रोसेसरची पेस्ट नवी. मदरबोर्डसुद्धा बदलला काका, मदरबोर्ड! आता त्यात जुनं राहिलंय काय? नुसता पत्र्याचा डबा!”

“हं... आणि तुझ्या दुकानात?”

“दुकानात मख्खन! चार दिवस ठेवलं, शंभर वेळा सुरू केलं, एकदा म्हणून बंद पडलं नाही. इथे आणलं की नाटकं चालू. इथल्या लाइटचाच लोच्या आहे.”

“सहा नंबर त्याच बोर्डावर आहे,” कुलथे मॅडम म्हणाल्या. “त्याला काय होत नाही.”

मी वळून सहा नंबरकडे बघितलं.

काका खाली मान घालून चष्मा पुसत बसले. पुसतायत, पुसतायत... अरे किती पुसाल!

“दुकानात कसं सुरू केलंस?”

“कसं म्हणजे? झाकण काढलेलंच असतं. पुढच्या वायरी उपटायच्या, बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, सुरू! तुम्हीच तर शिकवलंय.”

“शंभर वेळा?”

“शंभर वेळा.”

“आणि बटण?”

“बटण काय काका! बटण कोण बघतं?”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

दहा चाळीस.

“सुरू कर,” ते म्हणाले.

मी वाकलो, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. मी पटकन स्क्रीनकडे बघितलं.

“बोट काढ.”

“काढलं, काका.”

“बोट काढ.”

“अहो काढलंय!” मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. “हे बघा!”

“मला काय दाखवतोस? त्याला विचार.”

आणि ते गुडघ्यावर बोट आपटायला लागले. एक... दोन... तीन... चार...

खट्.

काळं.

रंजनाताईंची हवेतली बोटं थांबली.

काकांनी नुसती हनुवटी पुढे केली. मी खाली बसलो. महिनाभरात पहिल्यांदा त्या मशीनच्या तोंडाकडे बघितलं.

बटण आत होतं.

मी कधीच सोडलं होतं आणि ते आतच होतं. आतल्या बोर्डाला वाटत होतं की कोणीतरी बटण दाबून धरलंय. आणि दाबून धरलं की चार सेकंदांत मशीन बंद होतं, हे शाळेतलं पोरगं पण सांगेल! माझ्या डोळ्यांसमोर ते हळूच, रुसल्यासारखं, बाहेर आलं.

“ताई, पिन आहे का हो?” काकांनी विचारलं.

रंजनाताईंनी बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली.

काका जमिनीवर बसले. मांडी घालून. बटणाच्या कडेने पिन फिरवायला लागले, अगदी सावकाश, कानातला मळ काढतात तसं. पांढऱ्या फरशीवर काहीतरी पडलं. वाळलेलं. आधी पिवळं, मग लाल.

हळद-कुंकू.

“अगंबाई,” कुलथे मॅडम म्हणाल्या, “हे खंडेनवमीचं दिसतंय. मिहीरनेच केली होती ना पूजा! किती मनापासून केली होती.”

मनापासून. हो.

नऊ मशीनना मी वरच्या वर हळद-कुंकवाचं एकेक बोट लावलं होतं, उरकून टाकल्यासारखं. पण सात नंबर मी स्वतः जोडलेलं. माझं पहिलं. पेटीतल्या सुट्ट्या भागांपासून, काकांची मदत न घेता. त्याला असं वरवर कसं लावणार? मी हळद-कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं आणि अंगठ्याने बरोब्बर बटणावर दाबलं. दाबून धरलं. कोणीतरी फोटो काढत होतं म्हणून जरा जास्तच वेळ.

त्यानंतर आठवड्याभरात ते मरायला लागलं. आणि मी काय केलं? त्याचं काळीज, फुप्फुस, मेंदू, सगळं बदललं. कपाळावरचा टिळा पुसायचं सुचलं नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“शिसपेन्सिल.”

मी टेबलावरची दिली. काकांनी बटणाच्या चारी बाजूंनी शिसं घासलं. टाइपरायटरची अडकलेली पट्टी सुळकन सरकावी म्हणून घासायचे तसं. फुंकर मारली. उठले, गुडघे कटकन वाजले.

“आता एकदा चालू करून बघू,” मी म्हणालो. हात गेलाच माझा.

“नको.”

“अहो, एकदा! न बघता कसं...”

जिन्यात बुटांचा आवाज आला.

परीक्षक. अकराला दहा मिनिटं कमी. उंच, कपाळाला आठ्या, हातात सीलबंद पाकीट. मागोमाग बाकीचे नऊ जण आत आले आणि आपापल्या खुर्च्यांमागे उभे राहिले. परीक्षकांनी दहाच्या दहा स्क्रीन बघितल्या, सगळ्या काळ्या, आणि म्हणाले, “बसा. एकेकाने सुरू करा. एक नंबर.”

एक सुरू. दोन सुरू. तीन.

रंजनाताई खुर्चीत बसल्या. पदर खोचला. पिन परत बांगडीत लावायला विसरल्या, ती काकांच्याच हातात राहिली.

चार. पाच.

मी कधी सात नंबरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, मला कळलं नाही.

सहा.

“सात नंबर.”

“मी करतो,” माझ्या तोंडून गेलं.

“तुम्ही कोण?” परीक्षक म्हणाले.

“मी... हे मशीन मी...”

“परीक्षार्थी आहात?”

“नाही.”

“मग?”

रंजनाताईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. हात पुढे केला. बटणाला बोट लावलं आणि काढलं, तापलेल्या तव्याला लागावं तसं. एवढंच.

पंखा फिरला.

एक.

दिवा लागला.

दोन.

कुलथे मॅडमनी डोळे मिटले.

तीन... चार...

काही आवाज नाही. पंखा फिरतोय. नुसता पंखा.

पाच.

सहा.

स्क्रीनवर निळं आलं. मग नाव आलं. रंजना बाळू धात्रक, आसन क्रमांक सात.

ताईंनी दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर ठेवली. हवेत नाही, कीबोर्डवर. आणि कोणालाच न सांगता हसल्या. एवढंसंच.

“आठ नंबर,” परीक्षक म्हणाले. नऊ. दहा. मग, “परीक्षार्थी सोडून सगळ्यांनी बाहेर.”

कुलथे मॅडम गेल्या. काका दारापर्यंत गेले.

मी तिथेच होतो. सात नंबरच्या पत्र्यावर माझा हात होता. आतला पंखा हाताला लागत होता, बारीक, मांजराच्या पाठीसारखा. मध्येच काही झालं तर? ताईंना काही कळलं नाही तर? निदान कोणीतरी इथे... आणि मी जोडलंय हे, माझं पहिलं, एवढं तरी कोणालातरी...

“अहो, बाहेर!” परीक्षक म्हणाले.

मी हात पत्र्यावर तसाच ठेवला.

दारातून काकांचा आवाज आला. हळू, पण अख्ख्या खोलीने ऐकला.

“मिहीर... बोट काढ.”