रातकिड्यांच्या मदतीची मेजवानी

फार पूर्वी, ओढ्याकाठच्या रानात रातकिड्यांचा वाद्यवृंद होता. त्यांची उंबराची ढोली पावसात गळायला लागली, तेव्हा साळुंकीबाईंनी छपराच्या मदतीसाठी मेजवानी ठरवली. मेजवानीला विषयही दिला: श्रावणसांज. पाहुण्यांनी हिरवं लेवून यायचं होतं.

पैसेवाले पाहुणे म्हणजे पक्षीच. भाषणं लांबली, जेवण येईना. रातकिडे मात्र मन लावून वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या भारद्वाजाला भूक आवरेना, त्याने कडेचा एक वादक उचलला. मग बुलबुलाने दुसरा उचलला.

वृंदाचे प्रमुख आबा साळुंकीबाईंकडे धावले. "बाई, आमची माणसं खातायत हो ते."

"हळू बोला, आबा," बाई म्हणाल्या. "देणगीदार आहेत. ते रुसले तर छप्पर कोण घालणार?"

आबांनी क्षणभर विचार केला. मग परत जाऊन त्यांनी उरलेल्यांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं.

छप्पर झालं. दारावर देणगीदारांची नावं लागली. आबा आता ढोलीत एकटेच बसतात. छप्पर इतकं पक्कं आहे, की त्यांना बाहेरचा पाऊससुद्धा ऐकू येत नाही.