पुलावरचा हुकूम

"पण हुकूम उशिरा पोचला, यात माझी काय चूक, आबा?"

कॅप्टन शार्दूल मांढरे माजघरातून तणतणत बाहेर आला.

आबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार केरबा पिसाळ. पडवीत वाळू पसरून ते लढाईचा डाव मांडतात. आसपासचे नवे अधिकारी शिकायला येतात. हुकूम देणाऱ्यानं आत बसायचं, डाव बघायचा नाही. चिठ्ठ्या लिहायच्या. त्या मी बाहेर नेऊन द्यायच्या. माझे गुडघे पंचेचाळीस वर्षांचे, म्हणून चिठ्ठी उशिराच पोचते. आबांच्या मते अख्ख्या डावात तेवढीच गोष्ट खरी आहे.

पुलावरच्या शार्दूलच्या दहाही सोंगट्या आडव्या पडल्या होत्या.

"काकू, जरा भरभर चालला असता तर..."

"अरे, मी माझ्या लग्नातसुद्धा एवढी भरभर चालले नव्हते."

आबा हसले नाहीत. सोमवारी शार्दूल सीमेवरच्या चौकीचा ताबा घेणार होता. तिथं सोंगट्या नव्हत्या. शंभर माणसं होती.

"चौकीवर वायरलेस आहे, आबा. मला सगळं तिथल्या तिथं कळेल."

"कळेल की, साहेब." सुभेदार कितीही म्हातारा झाला तरी कॅप्टनला साहेबच म्हणतो. "या, इथं बसा. पुलापाशी. आता तुम्ही इथले हवालदार."

त्यांनी शार्दूलच्या हातात त्याचीच पहिली चिठ्ठी ठेवली. 'माझ्या हुकुमाशिवाय कुणीही जागा सोडायची नाही.'

मग पडलेल्या सोंगट्या उभ्या केल्या आणि शत्रूच्या सोंगट्या पुढं सरकवल्या. बोटभर. थांबले. आणखी बोटभर...

मी दारात उभी. हातात चिठ्ठी नाही.

शत्रू ओढ्यातून पुलाच्या मागच्या बाजूला वळू लागला. शार्दूलचा हात सोंगटीकडं गेला. आबांनी मनगट धरलं.

"हुकूम आला?"

"नाही."

"मग?"

"पण मला दिसतंय ना इथून! आत्ता मागं फिरलो तर सगळे वाचतील!"

आबांनी एक सोंगटी आडवी केली. मग दुसरी. तिसरी...

"पुरे, आबा."

चौथी.

शार्दूलनं हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली.

"ते माझ्या हुकुमाची वाट बघत बसले..." शार्दूल हळूच म्हणाला.

त्यानं चिठ्ठी उलटी केली. कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"मग लिहू तरी काय, आबा?"

आबांनी पडलेल्या चार सोंगट्या उचलून त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"ते पुलावरच्या हवालदाराला विचारा, साहेब."