ठिपक्यांचा शंख

समुद्राच्या तळाशी, जिथे ऊन पोचेपर्यंत हिरवं होऊन जातं, तिथे एक खेकडा राहत असे. आता बाळांनो, हा खेकडा साधासुधा नव्हे बरं! याचं मागचं अंग लोण्यासारखं मऊ, म्हणून हा मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरून दिवस काढी. अंग वाढलं की मोठा शंख गाठायचा आणि जुना आपल्या मागच्या लहान खेकड्याला सोडायचा, असा या जातीचा रिवाज. सोडलेलं घर परत मागायचं मात्र नाही.

खेकड्याला शंख घट्ट होऊ लागला होता. जवळच्या पोवळ्यावर एक म्हातारी समुद्रगोगलगाय चरत असे. केशरी रंग आणि त्यावर काळ्या काठाचे पिवळे ठिपके! झालं, खेकड्याला त्या शंखाचं वेडच लागलं. चांगले ऐसपैस शंख वाहत आले, पण पठ्ठ्याने ढुंकून पाहिलं नाही. तो तिच्यासमोर जाऊन बसला. ती चरे, हा बघे. ती थांबली की हा एक पाऊल पुढे सरके.

"कशाची वाट बघतोयस रे?" तिने विचारलं.

"काही नाही आजी, सहज."

"माझ्या मरणाची बघतोयस. बघ बापडा. पण तुझ्या मागे कोण बसलंय?"

खेकड्याने वळून पाहिलं. मागे एक लहान खेकडा बसला होता. त्याचे डोळे याच्या शंखावर खिळलेले होते. त्याच्या मागे आणखी एक, आणि त्याच्याही मागे आणखी एक. कोणी हलत नव्हतं.

एके दुपारी गोगलगाय पोवळ्यावरून गळून वाळूत पडली. खेकड्याला धीर कुठला! तो सुळकन आपल्या शंखातून बाहेर आला आणि तिला मिठी मारून बसला. तोच ठिपके हलले! एकेक ठिपका सरकत, आक्रसत शंखाच्या फटीतून आत गेला. तो रंग शंखाचा नव्हताच मुळी, शंखावर पांघरलेली तिची जिवंत कातडी होती ती! खेकड्याच्या मिठीत उरला पांढराफटक शंख. त्याची फट इतकी चिंचोळी की नांगीसुद्धा आत जाईना. आतून बारीक आवाज आला, "अजून आहे रे मी."

खेकडा मागे पळाला. त्याच्या जुन्या शंखातून लहान खेकड्याचे डोळे बाहेर डोकावत होते.

"अरे, माझं घर दे! उघडा पडलोय मी!"

"काका, तुम्हीच सोडलंत ना?" लहान खेकडा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण तो आणखी आत सरकला. मागची सगळी रांग एकेक घर पुढे गेली होती. शेवटी रिकामा राहिलेला शंख वाटाण्याएवढा होता.

इतक्यात कपारीतून वाम, म्हणजे तो सापासारखा लांबडा, खेकडे खाणारा मासा, हळूहळू बाहेर आली. सगळ्या शंखांची दारं आतून नांग्यांनी बंद झाली. खेकडा एकेका दारावर ठोठावत गेला. कोणी उघडलं नाही.

तात्पर्य : दुसऱ्याची शोभा त्याच्या जिवाबरोबर असते, तिच्यासाठी त्याच्या मरणाची वाट पाहणारा आपला आसराही गमावून बसतो.