बेटावरचा कोरडा झरा

एका बंदरात अच्युत नावाचे वैद्य राहत. दूर दक्षिणेकडच्या बेटांवर जावे, तिथली झाडे, पाखरे डोळे भरून पाहावीत, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यांनी नकाशे जमवले, कोणत्या महिन्यात कोणता वारा ते टिपून घेतले. सगळा भरवसा मात्र केशवपंडितांच्या पुस्तकावर होता. पंडित तिथे जाऊन आले होते. 'बेटावर बारा महिने गोडे पाणी वाहते,' असे त्यांनी लिहिले होते.

चैत्रात निघायचे ठरले. होडीचा तांडेल हसन म्हणाला, "वैद्यबुवा, पाण्याची आणखी दोन पिंपं घेऊ."

"पुस्तकात झरा आहे. त्या जागी माझ्या पेट्या ठेव, रोपं आणायचीत."

तांडेलाने पेट्या होडीत चढवल्या.

बेटावर झरा कोरडा ठणठणीत होता. परतीचा वारा सुटायला आठ दिवस होते. हसन आपल्या वाटणीचे पाणी गुपचूप वैद्यांच्या तांब्यात ओतत राहिला आणि चौथ्या दिवशी तापाने आडवा झाला. वैद्यांजवळ औषध होते, ते उगाळायला पाणी नव्हते.

पाचव्या दिवशी शेजारच्या बेटावरची एक बाई शिंपले वेचायला आली. तिने केवड्याच्या बनात हातभर वाळू उकरली. खाली पाणी होते. "झरा पावसाळ्यापुरताच असतो," ती म्हणाली. "आमच्यात कुणालाही विचारायचं होतं."

हसन वाचला. घरी परतताच वैद्यांनी केशवपंडितांना गाठले.

पंडितांनी मान खाली घातली. "मलाही झरा कोरडाच मिळाला. पण तसं लिहिलं असतं तर, पुरेसं पाणी न घेताच गेलो म्हणून लोक हसले असते."

वैद्य संतापाने घरी आले आणि स्वतः लिहायला बसले. पाखरांविषयी भराभर लिहून झाले. झऱ्यापाशी हात अडला. तांडेलाचा जीव धोक्यात घालणाऱ्या वैद्याकडे कोण येईल?

हसन म्हणाला, "झरा कोरडा होता एवढंच लिहा. बाकीचं राहू द्या."

वैद्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग पहिल्याच पानावर लिहिले : 'झरा पावसाळ्यापुरताच वाहतो. हसन तांडेलाने जादा पाणी घ्यायला सांगितले होते. मी ऐकले नाही, म्हणून तो मरता मरता वाचला.'

काही लोक हसले. काहींनी वैद्य बदलला. पण पुढे त्या बेटांकडे निघालेली प्रत्येक होडी ते पान मोठ्याने वाचून झाल्यावरच किनारा सोडू लागली.

तात्पर्य: आपली चूक न लपवता सांगणाराच मागून येणाऱ्यांना खरी वाट दाखवतो.